आठ ओळींची कविता कशी उलगडावी: मात्रा मोजण्यापासून शब्द बदलून पाहण्यापर्यंत

कवितेचे रसग्रहण लिहायला बसलेला विद्यार्थी बहुतेक वेळा शेवटाकडून सुरुवात करतो. कविता एकदा डोळ्यांखालून घालून तो लगेच अलंकार शोधू लागतो आणि एखादा सापडला की सुटकेचा निःश्वास टाकतो. दहावी-बारावीला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद लिहिण्याची सवय आपल्याला लागलेली असते. परीक्षेपुरती ती उपयोगीही असते, परंतु तिच्यामुळे कविता म्हणजे तीन खणांचा डबा आहे असा समज मागे राहतो. पदवीच्या वर्गात असताना मीही एका उत्तरात 'अनुप्रासामुळे कवितेला नादमाधुर्य प्राप्त झाले आहे' असे लिहिले होते. तपासणाऱ्या बाईंनी समासात लाल शाईने दोनच प्रश्न लिहिले: 'कोणता नाद? कशासाठी?' पुढे दिलेली सर्व रीत त्या दोन प्रश्नांची उत्तरे देता यावीत एवढ्यासाठीच आहे.

सदाशिव पेठेत आमचा एक लहानसा वाचनगट आहे. तेथे सरावासाठी मी पुढील आठ ओळी जुळवल्या. नामवंत कवीची कविता घेतली की तिच्याविषयी आधीच ऐकलेली मते आड येतात आणि दोष दाखवायला कोणी धजत नाही. ही कविता माझीच असल्यामुळे तशी भीड बाळगण्याचे कारण नाही.

भिडे पुलावर पाणी आले,
रस्त्याचे त्या नाव बुडाले.
छत्री घेउन काठावरती
'किती पायऱ्या?' लोक मोजती.

पाणी सरले. खांबापाशी
चिंध्या, माळा, देव तळाशी.
नाही कुठली कुरकुर केली;
ठेव आपली ठेवुन गेली.

पुण्याबाहेरच्या वाचकासाठी एवढेच सांगायला हवे की, खडकवासला धरणातून मुठेत मोठ्या प्रमाणावर पाणी सोडले की डेक्कनजवळचा ठेंगणा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो आणि काठावर बघ्यांची गर्दी जमते.

पहिली पायरी: मोठ्याने वाचन आणि सरळ अर्थ

पेन्सिल हातात घेण्यापूर्वी कविता निदान तीनदा मोठ्याने वाचावी. पहिल्या वाचनात अर्थाकडे, दुसऱ्यात जीभ कोठे थांबते त्याकडे आणि तिसऱ्यात आवाज कोठे आपोआप चढतो किंवा जड होतो त्याकडे लक्ष द्यावे. त्यानंतर कवितेचा अन्वय साध्या गद्यात लिहावा: पुलावर पाणी आले, रस्ता बुडाला, लोक काठावर छत्र्या घेऊन किती पायऱ्या बुडाल्या ते मोजू लागले, पुढे पाणी ओसरले तेव्हा खांबापाशी चिंध्या आणि माळा अडकलेल्या होत्या, तळाशी देव होते, नदीने कुरकुर केली नाही, ठेव ठेवून ती निघून गेली.

हे काम कंटाळवाणे वाटते म्हणून बहुतेक जण ते टाळतात, आणि तेथेच त्यांचा तोटा होतो. गद्यात लिहिताना मला 'नदी' हा शब्द वापरावा लागला. कवितेत तो एकदाही आलेला नाही. शेवटच्या दोन ओळींतील क्रियापदांना कर्ताच दिलेला नाही. शिवाय 'चिंध्या अडकलेल्या होत्या' असे मी लिहिले, पण पाचव्या ओळीतील पूर्णविरामापासून सहाव्या ओळीच्या शेवटापर्यंत कवितेत क्रियापद नाही, तेथे वस्तूंची नुसती यादी आहे. अन्वय करताना आपल्याला जे पदरचे घालावे लागते, ते कवितेने मुद्दाम गाळलेले असण्याची शक्यता असते. त्याची नोंद तेव्हाच करून ठेवावी, कारण नंतर ती सुटून जाते.

दुसरी पायरी: आधी मोजणी, मग नाव

मराठी पद्यरचनेचे माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात केलेले वर्गीकरण आजही सर्वांत सोयीचे आहे. त्यांच्या मांडणीत वृत्त, जाती आणि छंद असे तीन वर्ग येतात. वृत्तात, म्हणजेच अक्षरगणवृत्तात, लघू-गुरूंचा (आखूड आणि लांब उच्चारांच्या अक्षरांचा) क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रांची संख्या आणि त्यांची आवर्तने ठरलेली असतात, तर ओवी-अभंगांसारख्या छंदांत अक्षरांची संख्या महत्त्वाची असून प्रत्येक अक्षर गुरूसारखे लांबवून उच्चारले जाते. कविता यांपैकी कोणत्या घरची आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजूनच ठरवावे लागते.

प्रथम अक्षरे मोजावीत. आपल्या कवितेतील ओळींची अक्षरे अनुक्रमे १०, ९, १०, १०, ९, ९, ११ आणि १० भरतात. मोठ्या अभंगात ६, ६, ६, ४ आणि छोट्या अभंगात ८, ८ अशी अक्षरे असतात. त्या हिशेबात हे आकडे बसत नाहीत, आणि ओळींत कोठे ९ तर कोठे ११ अक्षरे असल्यामुळे एका ठरावीक अक्षरगणवृत्ताचाही प्रश्न उरत नाही. म्हणून आता मात्रा मोजायच्या.

ह्रस्व अक्षर लघू, त्याची एक मात्रा; दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन मात्रा. ह्रस्व अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येत असेल तर तेही गुरू होते. लघूसाठी 'ल' आणि गुरूसाठी 'गा' अशी खूण केली तर पहिली ओळ अशी उतरते:

भि डे पु ला व र । पा णी आ ले
ल गा ल गा ल ल । गा गा गा गा

दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण सोळा मात्रा. उरलेल्या सातही ओळी याच रीतीने मोजून पाहाव्यात. प्रत्येक ओळ सोळावरच येते आणि प्रत्येक ओळीत आठव्या मात्रेनंतर शब्द संपून यती, म्हणजे वाचताना घ्यायचा विराम, येतो. सोळा मात्रांच्या या जातीला पादाकुलक म्हणतात. अक्षरे ९ ते ११ अशी कमीजास्त होत असताना मात्रा मात्र ढळत नाहीत, हाच ती जाती असल्याचा पुरावा आहे. 'ही कविता पादाकुलकात आहे' असे नुसते लिहिण्यापेक्षा हा पुरावा एका वाक्यात द्यावा.

मोजताना चार ठिकाणी चूक होते, आणि ती चारही ठिकाणे या कवितेत सापडतात. 'रस्त्याचे' यातील 'र' लिहिताना ह्रस्व दिसतो, पण 'स्त्या'चा आघात त्याच्यावर येतो म्हणून तो गुरू होतो. 'छत्री'तील 'छ'चेही तेच. याउलट 'पायऱ्या' या शब्दात 'ऱ्या' हे जोडाक्षर असूनही त्याच्या आधीचा 'य' लघूच राहतो, कारण मराठीत 'ऱ्य'चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही. 'तुम्ही' शब्दातला 'तु' असाच हलका राहतो. येथे डोळ्यांवर भरवसा न ठेवता कानाला विचारावे. तिसरे ठिकाण 'चिंध्या' हे आहे. 'चिं' गुरू ठरण्याची अनुस्वार आणि पुढचे जोडाक्षर अशी दोन कारणे आहेत, पण म्हणून त्याच्या मात्रा तीन होत नाहीत. चौथे, 'घेउन' आणि 'ठेवुन'. प्रमाण लेखनात आपण 'घेऊन', 'ठेवून' लिहितो. तसे लिहिले तर त्या ओळी सतरा मात्रांच्या होतील, म्हणून येथे ह्रस्वाची सवलत घेतली आहे. ही सवलत पूर्वापार मान्य आहे, परंतु आठ ओळींत दोनदा घ्यावी लागली याची नोंद करायला हरकत नाही; मी ती माझ्या उणिवांच्या खात्यात जमा धरतो.

कविता अक्षरगणवृत्तात असेल तर यमाताराजभानसलगं या सूत्राने तीन-तीन अक्षरांचे गण पाडावे लागतात. उदाहरणादाखल हीच वस्तू भुजंगप्रयातात घातली तर एक ओळ अशी होईल: 'नदीला कुणी नाव नाही विचारी'. तीत बारा अक्षरे असून लगागा हा य गण चार वेळा येतो. मनाचे श्लोक ज्याच्या कानांवरून गेले आहेत त्याला ही चाल न मोजताही ओळखता येते, कारण ते याच वृत्तात आहेत. आणि कोणतीच मोजणी जुळली नाही तर कविता ओढूनताणून चौकटीत कोंबू नये. मुक्तछंदातल्या कवितेत ओळ कोठे तोडली आहे आणि श्वास कोठे थांबतो, एवढेच पाहावे लागते.

तिसरी पायरी: ओळीची चाल

मात्रांची संख्या हा केवळ सांगाडा आहे. सोळा मात्रांच्या दोन ओळी कानाला अगदी वेगळ्या लागू शकतात, आणि रसग्रहणात खरे लिहिण्यासारखे ते येथे हाती लागते. आठ मात्रांचा एक अर्धा चार-चार असा सरळ पडू शकतो किंवा तीन-तीन-दोन असा लचकत पडू शकतो. 'पाणी । आले' हा पहिला प्रकार, 'ठेव । आप । ली' हा दुसरा. बहुतेक ओळींत हे दोन प्रकार मिसळलेले आहेत किंवा चार-चारचीच चाल आहे. संपूर्ण ओळभर तीन-तीन-दोन अशी चाल फक्त चौथ्या ओळीत आहे: 'किती । पाय । ऱ्या । लोक । मोज । ती'. घाटाच्या ओल्या पायऱ्यांकडे नजर लावून मोजत जाताना जो अडखळता ठेका पडतो, तोच येथे ऐकू येतो. खरे सांगायचे तर लिहिताना मी हे योजले नव्हते. ओळ जुळली आणि नंतर वाचताना ध्यानात आले. परंतु विश्लेषण करणाऱ्याने कवीच्या हेतूची चौकशी करत बसू नये. ओळीत काय घडते आहे एवढे दाखवता आले म्हणजे झाले.

दुसरी जागा अधिक बोलकी आहे. पाचव्या ओळीचा उत्तरार्ध आणि सहाव्या ओळीचा पूर्वार्ध सलग वाचा: 'खांबापाशी । चिंध्या, माळा'. आठ अक्षरे आणि आठही गुरू. पूर ओसरल्यानंतर जे जड, ओले, चिखलात माखलेले मागे राहते ते सांगताना ओळही जड होते. पुढच्या 'देव' या शब्दातील 'व' हा कितीतरी वेळाने आलेला पहिला लघू आहे. म्हणजे 'देव' या शब्दापाशी चाल बदलते आणि अर्थही तेथेच बदलतो, कारण कचऱ्याच्या यादीत देव निघेल अशी वाचकाची अपेक्षा नसते. लगेच पुढच्या ओळीत 'कुरकुर' हे चार लघू एकामागून एक येतात. जड आणि हलक्याची ही अदलाबदल कागदावर ल-गा मांडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून मोजणीचा कंटाळा करू नये.

पाचवी ओळ यतीपाशी वाक्य संपवते. 'पाणी सरले' येथे पूर्णविराम आहे आणि नवे वाक्य ओळीच्या मध्यावर सुरू होऊन पुढच्या ओळीत उतरते. तसेच दोन कडव्यांमध्ये सोडलेली रिकामी ओळ म्हणजे पाणी चढल्यापासून उतरेपर्यंतचा काळ. कवितेत त्या दिवसांविषयी एक शब्दही नाही.

यमक आणि नाद

यमकाविषयी थोडक्यात. 'आले–बुडाले', 'पाशी–तळाशी' आणि 'केली–गेली' या तीन जोड्या पक्क्या आहेत, कारण शेवटच्या अक्षराबरोबर त्याआधीचा स्वरही जुळतो. 'काठावरती–मोजती' ही जोडी कच्ची आहे. तेथे 'ती' जुळतो, पण त्यामागचे 'र' आणि 'ज' जुळत नाहीत, आणि मागचा 'अ' कानाला फारसा आधार देत नाही. यमक आहे किंवा नाही एवढेच न लिहिता ते किती पक्के आहे हेही लिहावे.

अनुप्रासाच्या बाबतीत मराठी वाचकाने विशेष सावध राहावे. आपल्या भाषेत कोणत्याही वाक्यात दोन 'प' किंवा दोन 'त' सहज सापडतात, तेवढ्यावर अनुप्रास सिद्ध होत नाही. 'पुलावर पाणी' या दोन 'प'कारांविषयी मी काहीही लिहिणार नाही. 'कुठली कुरकुर केली' येथे मात्र 'क' चार वेळा येतो, आणि गंमत अशी की ही ओळ कुरकुर झाली नाही असे सांगते, पण कानावर कुरकुरच पडते. आवाज एक सांगतो आणि वाक्य दुसरे. 'कोणता नाद, कशासाठी' या प्रश्नाचे उत्तर येथे देता येते, म्हणून हा अनुप्रास नोंदवण्याजोगा आहे.

चौथी पायरी: अलंकार आणि शब्दांचे अर्थ

अर्थालंकार ओळखताना तीन साधी वाक्ये मनाशी ठेवावीत. 'नदी सावकारासारखी आली' ही उपमा. 'नदी जणू सावकारच' ही उत्प्रेक्षा. 'नदी-सावकार दारात उभा राहिला' हे रूपक. सारखा, समान, परी, जसा हे शब्द उपमेची खूण सांगतात, तर जणू, गमे, वाटे, भासे हे उत्प्रेक्षेची. आपल्या कवितेत यांपैकी एकही शब्द नाही, म्हणून पहिले दोन अलंकार निकालात निघतात. शेवटच्या दोन ओळींत नदी कुरकुर न करणाऱ्या, सोसणाऱ्या माणसासारखी वागते, ती चेतनगुणोक्ती. चिंध्या आणि माळांना 'ठेव' म्हटले आहे. त्याला कोणी रूपक म्हणेल, तर उपमेय त्या ओळीत उच्चारलेले नाही म्हणून कोणी हरकत घेईल. परीक्षेत रूपक लिहावे. वादाला तोंड फुटले तर हरकतीचाही उल्लेख करावा. माझ्या मते नावापेक्षा महत्त्वाचे हे की 'ठेव' हा बँकेच्या पासबुकातला शब्द आहे. मुदत संपली की ठेव परत मिळते. ज्या गावात मुदत ठेवीच्या व्याजदरावर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा चालते, त्या गावाला हा शब्द बरोबर टोचतो.

आता 'नाव बुडाले' या दोन शब्दांकडे यावे. आमच्या गटात तीन जणांनी उत्साहाने श्लेष सांगितला: नाव म्हणजे अभिधान आणि नाव म्हणजे होडी. कल्पना सुरेख आहे, पण व्याकरण ती चालू देत नाही. होडी या अर्थी 'नाव' स्त्रीलिंगी असल्याने ती 'बुडाली' असती. 'बुडाले' हे नपुंसकलिंगी रूप पहिलाच अर्थ ठरवून टाकते. श्लेष सिद्ध होण्यासाठी दोन्ही अर्थ वाक्यात व्याकरणासह बसावे लागतात. तरीही पाण्याच्या कवितेत 'नाव' हा शब्द ऐकल्यावर होडी क्षणभर मनात तरळतेच. तिला श्लेष न म्हणता व्यंजनेच्या, म्हणजे नुसत्या सुचवलेल्या अर्थाच्या, खात्यात टाकावे. दुसरीकडे, नाव पाण्यात बुडू शकत नाही, बुडतो तो रस्ता. असा मुख्यार्थ अडला की लक्षणा आली. आणि 'घराण्याचे नाव बुडवले' हा वाक्प्रचार प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असल्यामुळे लाजेची एक छटाही त्याच शब्दांत शिरते. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा आणि व्यंजना यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा अशा एखाद्या शब्दावर त्या तिघी लावून पाहाव्यात.

खरी अनेकार्थता शेवटच्या ओळीतील 'आपली' या शब्दात आहे. 'आपली' म्हणजे तुमची-माझी, आपण सर्वांनी नदीत टाकलेली. 'आपली' म्हणजे तिची स्वतःची. आणि 'आपली गेली निघून' असे आपण बोलतो, त्यातली उगाच, निमूटपणे या अर्थाचीही. तिन्ही अर्थ स्त्रीलिंगी रूपात व्याकरणाने बसतात, आणि कर्ता गाळलेला असल्यामुळे कोणताही एक पक्का करता येत नाही. पहिल्या पायरीवर केलेली 'नदी हा शब्द नाही' ही नोंद येथे कामी येते. कर्ता लिहिला असता तर 'आपली'चे दोन अर्थ तरी क्षीण झाले असते.

क्रियापदांचे काळही पाहून घ्यावेत. आले, बुडाले, सरले, केली, गेली हे सगळे भूतकाळात आहेत. फक्त लोक 'मोजती' आहेत. पाणी येऊन गेले तरी बघे अजून मोजतच आहेत असा भास त्या एका रूपाने होतो.

एक पथ्य पाळावे. पुण्यातला वाचक पाणी आणि पायऱ्या म्हणताच १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराकडे वळतो. आमच्या गटातही चर्चा पंधरा मिनिटे तिकडेच गेली. ज्या घरांत तो दिवस अजून सांगितला जातो, तेथे हे स्वाभाविक आहे. परंतु कवितेतील लोक छत्री घेऊन निवांत उभे आहेत आणि तिच्यात कोणाचे घर वाहून गेलेले नाही. बाहेरची माहिती कवितेतील एखाद्या शब्दाला धरून आत येत असेल तरच तिला घ्यावे.

शेवटची पायरी: शब्द बदलून पाहणे

आपण जे जे गुण सांगितले ते खरोखर कवितेत आहेत की आपल्या डोक्यात, हे तपासण्याचा सोपा उपाय आहे. महत्त्वाचा शब्द काढून तेवढ्याच मात्रांचा दुसरा शब्द त्या जागी ठेवावा आणि काय गमावले ते लिहावे. 'ठेव' तीन मात्रांचा, 'घाण'ही तीन मात्रांचा. 'घाण आपली ठेवुन गेली' ही ओळ मात्रांत चोख बसते आणि वस्तुस्थितीलाही धरून आहे. परंतु 'ठेव–ठेवुन' हा नाद गेला, पासबुक गेले, उपरोध गेला आणि 'आपली'चा निमूट अर्थही जवळजवळ पुसला गेला. राहिली ती वर्तमानपत्रातली तक्रार. या एका प्रयोगातून रसग्रहणाचा अख्खा परिच्छेद लिहून होतो.

रसग्रहण लिहिताना मोजणीचा निष्कर्ष एका-दोन वाक्यांत आटोपावा, ल-गा मांडलेला कागद बाजूला ठेवावा आणि अशा दोन किंवा तीन जागाच निवडून त्यांच्यावर सावकाश लिहावे. सापडलेले सगळे अलंकार मांडण्याचा मोह आवरावा.

हा प्रयोग माझ्यावर उलटलाही आहे. गटातल्या एका आजोबांनी सहाव्या ओळीत 'देव'ऐवजी 'गाळ' सुचवला: 'चिंध्या, माळा, गाळ तळाशी'. मात्रा जुळतात, यमक टिकते, 'गाळ तळाशी' असा 'ळ'चा नादही मिळतो, आणि तळाशी गाळच असतो हे तर उघडच आहे. मी 'देव' ठेवला आहे, पण त्यांनी आपल्या प्रतीवर पेन्सिलीने 'गाळ' लिहून घेतला आणि ते तसेच वाचतात.